सपोर्टेड लिव्हिंगमध्ये तुटवड्याची तयारी : किती साठवावे आणि कोणाच्या कपाटात?

कुलूपकिल्ली

नमस्कार मंडळी. मी एका सपोर्टेड लिव्हिंग सेवेत समन्वयाचे काम करते. तीन घरे आणि आठ रहिवासी असा आमचा पसारा आहे. ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, की हा वृद्धाश्रम नव्हे आणि वसतिगृहही नव्हे. बौद्धिक अपंगत्व, दीर्घकाळचा मानसिक आजार, मेंदूला झालेली इजा अशा कारणांनी ज्यांना रोजच्या व्यवहारात मदत लागते, ती माणसे स्वतःच्या नावाच्या भाडेकरारावर आपल्या घरात राहतात आणि मदतनीस त्यांच्याकडे कामाला येतात. घर त्यांचे, आम्ही पाहुणे. निदान कागदावर तरी.

मध्यंतरी पुरामुळे चार दिवस रस्ते बंद होते आणि नेहमीची सामानाची गाडी आली नाही. आमच्या एका रहिवाशांना गिळण्याचा त्रास असल्यामुळे पाण्यासकट प्रत्येक द्रव पदार्थ पावडर घालून घट्ट करूनच द्यावा लागतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मदतनिसाचा फोन आला, की चमचा डब्याच्या तळाला खरवडतो आहे. नोंदवहीत एक सीलबंद डबा शिल्लक दिसत होता आणि तो कपाटात होताही, फक्त त्याची मुदत संपून पाच महिने झाले होते. शेवटी रात्री उशिरा दुसऱ्या घरातल्या रहिवाशांचा डबा उचलून आणला. ते झोपले होते, त्यामुळे त्यांना विचारलेही नाही.

आता आमच्या व्यवस्थापनाने मला आपत्कालीन साठ्याची योजना लिहायला सांगितली आहे आणि प्रत्येक वस्तूचा महिनाभराचा साठा करावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडताही येत नाही. कोणत्या वस्तूचा किती दिवसांचा साठा ठेवावा, हे तुम्ही कसे ठरवता? आणि तो कोणाच्या घरात ठेवता?

रात्रपाळी

तुमच्या लिखाणातली सगळ्यात महत्त्वाची ओळ चमच्याची आहे. नोंदवही दिवसा, कार्यालयात भरली जाते. डबे मात्र रात्री आणि पहाटे रिकामे होतात. मी सात वर्षे रात्रपाळी केली आहे आणि कोणती वस्तू संपत आली आहे हे मला नेहमी वहीच्या दोन दिवस आधी कळत असे, परंतु मला कोणी विचारत नसे. योजना लिहिण्याआधी रात्रीच्या मदतनिसांना एकदा बसवून विचारा.

घोट

मी गिळण्याच्या अडचणींवर काम करते, म्हणून आधी एक गंभीर सूचना. दुसऱ्याचा डबा आणला, तेव्हा दोन्ही पावडरी एकाच प्रकारच्या होत्या का, हे कोणी पाहिले होते का? काही पावडरी स्टार्चच्या असतात, तर काही झँथन गमच्या. चमच्यांचे प्रमाण वेगळे, घट्ट होण्याचा वेळ वेगळा. स्टार्चवाले पेय ठेवून दिले तर आणखी घट्ट होत जाते आणि उलट तोंडातली लाळ मिसळली की पातळ होऊ लागते. त्याहून धोकादायक गोष्ट म्हणजे बद्धकोष्ठतेसाठी दिले जाणारे पॉलिएथिलीन ग्लायकोलचे औषध स्टार्चच्या पावडरीने घट्ट करायला गेले, तर मिश्रण पाण्यासारखे पातळ होते. असा पातळ घोट फुप्फुसात गेला तर न्यूमोनियापर्यंत मजल जाऊ शकते.

पेयाच्या घट्टपणासाठी आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय पातळ्यांची पद्धत आहे. अन्न आणि पेये मिळून ० ते ७ पातळ्या, त्यांतल्या पेयांसाठी ० ते ४. रहिवाशांची पातळी आणि पावडरीचा प्रकार डब्याशेजारी ठळक लिहून ठेवा. तुटवड्यात डबा बदलणारच आहे; बदलताना निदान पाहायला काहीतरी हवे.

कुलूपकिल्ली

घोट, खरे सांगते, पाहिले नव्हते. सुदैवाने दोन्ही एकाच कंपनीचे निघाले, पण ते मला दुसऱ्या दिवशी कळले.

भांडारी

मी केअर सेवेत नाही, गोदामात आयुष्य गेले. तरी किती साठा हे ठरवण्याचे गणित सगळीकडे सारखेच असते. रोजचा खप गुणिले सामान यायला लागणारे दिवस, अधिक आजवरचा सगळ्यात मोठा उशीर. समजा एका व्यक्तीला दिवसाला लघवी शोषणारे ५ पॅड लागतात, मागणी नोंदवल्यावर माल ७ दिवसांत येतो आणि तुमच्या आठवणीतला सर्वांत मोठा उशीर १० दिवसांचा आहे. मग १७ दिवसांचे, म्हणजे ८५ पॅड शिल्लक असतानाच पुढची मागणी गेली पाहिजे. ८५ हा आकडा साठवणुकीचा नव्हे, मागणी नोंदवण्याचा आहे, हे लक्षात घ्या. बहुतेक ठिकाणी हीच गल्लत होते आणि कपाटे भरत जातात.

दुसरे, जुना डबा मागे आणि नवा पुढे असे ठेवणारा माणूस प्रत्येक गोदामात असतो. तो तुमच्याकडेही आहे, म्हणून पाच महिने जुना डबा सापडला. ज्याची मुदत आधी संपणार ते आधी बाहेर काढायचे, आणि नवा माल नेहमी मागून भरायचा.

अर्धविराम

भांडारींचे गणित शांततेच्या काळातले आहे. ३ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले होते, की कोविडच्या कामासाठी जगाला दरमहा अंदाजे ८ कोटी ९० लाख मास्क आणि ७ कोटी ६० लाख हातमोजे लागतील आणि उत्पादन ४० टक्क्यांनी वाढवावे लागेल. तोपर्यंत सर्जिकल मास्कच्या किमती सहापट झाल्या होत्या. त्या वेळी आजवरचा सगळ्यात मोठा उशीर कोणाच्या आठवणीत होता? माझे स्पष्ट मत आहे, की तीन महिन्यांचा साठा प्रत्येक वस्तूचा हवा. व्यवस्थापन महिनाभर म्हणते आहे, तेच मला कमी वाटते.

मात्रा

अर्धविराम यांच्याशी मी बऱ्याच अंशी असहमत आहे. मी फार्मासिस्ट आहे, त्यामुळे औषधांपुरते बोलतो.

तीन महिन्यांची औषधे घरात ठेवली, तर काय होते ते मी दर आठवड्याला पाहतो. मात्रा बदलते, औषध बंद होते, रहिवासी रुग्णालयात जाऊन नवी चिठ्ठी घेऊन परततात आणि जुनी पाकिटे कपाटातच राहतात. मग पाळी बदलताना कोणीतरी जुन्या पाकिटातली गोळी देते. तुटवड्यापेक्षा हा अपघात कितीतरी अधिक वेळा घडतो. शिवाय काही औषधे कुलपात, मोजून, नोंद ठेवूनच बाळगावी लागतात. त्यांचा ढीग घरात असणे हाच एक धोका आहे.

आणखी एक गोष्ट. पुरवठ्याच्या साखळीत टोकाला थोडीशी वाढलेली मागणी मागे जाताना फुगत जाते, हे अमेरिकी अभ्यासक जे डब्ल्यू. फॉरेस्टर यांनी १९६१ मध्येच मांडले होते; आज त्याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. प्रत्येक सेवेने घाबरून तिप्पट मागणी नोंदवली, की घाऊक विक्रेत्याला ती पाचपट भासते आणि जो तुटवडा टाळण्यासाठी हे केले, तोच तयार होतो. त्याची झळ शेजारच्या घरालाच लागते.

माझ्या मते किती दिवसांचा साठा हा प्रश्नच दुय्यम आहे. आधी असे विचारावे, की ही वस्तू संपली तर किती तासांत इजा होईल? या उत्तराप्रमाणे वस्तू लावल्या, की यादी एकदम वेगळी दिसते. फेफऱ्याची औषधे, इन्शुलिन, दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइड, पार्किन्सनसाठीचे लेव्होडोपा, स्नायूंच्या ताठरपणासाठीचे बॅक्लोफेन, ही अचानक थांबवण्याची औषधे नाहीत. यांतल्या एखाद्याचा खंड एका दिवसाचाही महागात पडू शकतो. तीव्र मानसिक आजारासाठीच्या क्लोझापिनचे तर असे आहे, की ४८ तासांहून अधिक खंड पडला तर नेहमीची मात्रा देताच येत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढत जावे लागते. मनःस्थितीच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्या व्यक्तीबाबत गोळीइतकीच पाण्याचीही काळजी घ्यावी लागते, कारण शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. म्हणजे नळाला पाणी नाही ही सगळ्यांसाठी गैरसोय असली, तरी त्यांच्यासाठी औषधाचा प्रश्न आहे. याउलट जीवनसत्त्वाची गोळी आठवडाभर नसली, तर बहुधा काहीही बिघडत नाही.

म्हणून पहिल्या गटातल्या औषधांसाठी दोन आठवड्यांची शिल्लक राहील अशा बेताने, डॉक्टरांशी बोलून, मागणी नेहमीच थोडी आधी नोंदवावी. बाकीच्यांसाठी नेहमीची पद्धत पुरे आहे.

दिवेलागण

आमच्या घरी आपत्कालीन पेटी उघडली, तेव्हा त्यात चाळीस मेणबत्त्या निघाल्या आणि काडेपेटी एकही नाही. चौकशी केली तर कळले, की सुरक्षेच्या नियमानुसार घरात काडेपेटी ठेवण्यास मनाई आहे. मेणबत्त्यांबद्दल नियमात काही लिहिलेले नाही.

रात्रपाळी

>> चाळीस मेणबत्त्या

हसू आले, पण कृपया त्या काढून टाका. घरात कोणाला ऑक्सिजन लावलेला असेल तर उघडी ज्योत चालतच नाही. दुसरी गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. कोरड्या त्वचेला लावायची मलमे कपड्यात आणि चादरीत मुरतात आणि तसे कापड ठिणगीने फार झपाट्याने पेट घेते. धुतले तरी अंश राहतो. बॅटरीवरचे दिवे ठेवा आणि सेल दिव्यात न घालता शेजारी ठेवा, कारण पडून राहिलेले सेल गळतात आणि दिवाच खराब होतो.

दिवेलागण

मलमाचे माहीत नव्हते. उद्याच काढतो.

लेकुरवाळी

माझी मुलगी अशाच घरात राहते, ती ऑटिस्टिक आहे. वरची चर्चा वाचताना सारखे वाटत होते, की सगळे जण वस्तू संपण्याबद्दल बोलत आहेत. वस्तू बदलण्याबद्दलही कोणीतरी बोलावे.

तिची फेफऱ्याची गोळी अनेक वर्षे पांढरी आणि गोल होती. तुटवड्यात दुसऱ्या कंपनीची पिवळी, लांबट गोळी आली. मदतनिसांच्या दृष्टीने औषध तेच, मात्रा तीच, त्यामुळे पुरवठ्याचा प्रश्न सुटला होता. माझ्या मुलीच्या दृष्टीने कोणीतरी तिच्या वाटीत भलतीच वस्तू ठेवली होती. तिने सलग तीन वेळा ती जमिनीवर ठेवली; फेकली नाही, नीट ओळीने ठेवली. नोंदवहीत मात्र ‘रहिवाशाने औषध नाकारले’ एवढेच लिहिले गेले. चौथ्या वेळी मला बोलावले आणि मी पांढऱ्या गोळीचा आणि पिवळ्या गोळीचा फोटो शेजारी शेजारी ठेवून, मध्ये बाण काढून तिला दाखवला. तिने पाच मिनिटे तो कागद पाहिला आणि गोळी घेतली.

तो कागद मी आता करून ठेवलेला आहे. प्याला, पॅड, टूथपेस्ट, जे जे बदलले तर ती नाकारू शकते, त्या प्रत्येकाचा. ज्यांच्यासाठी पर्याय हा पर्याय नसतो, त्यांच्या बाबतीत साठा थोडा जास्त ठेवणे मला योग्य वाटते, कारण तिथे साठ्याने वेळ मिळतो, नव्या वस्तूची ओळख करून देण्याचा वेळ.

मात्रा

लेकुरवाळी, तुमचा प्रतिसाद मी आमच्या दुकानातल्या सहकाऱ्यांना वाचून दाखवणार आहे. एक पुस्ती जोडतो. फेफऱ्याच्या काही औषधांत, उदाहरणार्थ फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यांत, कंपनी बदलल्याने रक्तातल्या प्रमाणात फरक पडू शकतो आणि म्हणून शक्यतो एकाच कंपनीचे औषध चालू ठेवावे असा सल्ला असतो. तेव्हा बदल करण्याआधी विचारणे हे केवळ तिच्या समाधानासाठी नव्हे, वैद्यकीयदृष्ट्याही योग्यच आहे.

पायरी

+१. गोळी ओळीने ठेवली, हे वाचून थांबले.

अर्धविराम

मात्रा यांचा तासांचा मुद्दा मान्य आहे आणि औषधांपुरता मी तीन महिन्यांचा आग्रह सोडतो. पण थोडे आधी मागवल्याने फक्त गाडीचा उशीर भरून निघतो. कारखानाच बंद पडला तर?

२०१७ च्या सप्टेंबरात मारिया चक्रीवादळाने प्वेर्तो रिकोतले कारखाने ठप्प झाले आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांना सलाइनच्या लहान पिशव्या मिळेनाशा झाल्या. २०२४ च्या सप्टेंबरात हेलेन वादळाच्या पुरात नॉर्थ कॅरोलायनातला बॅक्स्टर कंपनीचा नॉर्थ कोव्ह कारखाना बुडाला; देशातल्या शिरेवाटे द्यायच्या द्रवांपैकी सुमारे ६० टक्के एकट्या तिथून येत होते. २०२२ मध्ये अ‍ॅबटचा अमेरिकेतल्या स्टर्जिस गावचा कारखाना बंद झाला तेव्हा बातम्या तान्ह्या मुलांच्या दुधाच्या पावडरीच्या आल्या, परंतु चयापचयाचे दुर्मीळ विकार असलेल्या मोठ्या माणसांचे विशेष पोषणही तिथेच बनत होते. पोटातल्या नळीतून ज्यांना पोषण द्यावे लागते, त्यांच्यासाठी ती पावडर म्हणजे जेवणच. तिला दोन आठवड्यांची शिल्लक काय पुरणार?

मात्रा

पुरणार नाही, हे खरे. पण तीन महिन्यांचीही पुरेलच असे नाही. तिथे उपयोगी पडतो तो आधीच लिहून घेतलेला पर्याय. आहारतज्ज्ञांकडून शांत काळात एका कागदावर घ्यावे, की अमुक पोषण मिळाले नाही तर तमुक चालेल, या प्रमाणात, या वेगाने, आणि हे मात्र मुळीच चालणार नाही. तुटवडा सुरू झाल्यावर तज्ज्ञांचा फोन लागत नाही, कारण सगळेच लावत असतात.

अर्धविराम

हे पटले. साठ्याच्या शेजारी पर्यायाचा कागद. माझ्या डोक्यात फक्त खोकी होती.

अर्थिंग

वीज हाही पुरवठाच आहे आणि या धाग्यावर तिचा उल्लेख अजून नीट आलेला नाही. मी विद्युत कामे करतो आणि अशा दोन घरांची जोडणी पाहिली आहे.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हवेतून ऑक्सिजन वेगळा करतो, पण वीज गेली की तो नुसता डबा. मागच्या पट्टीवर त्याचे वॅट लिहिलेले असतात. ३५० वॅटचे मशीन सहा तास चालवायचे तर २१०० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. घरात इन्व्हर्टर आहे, हे वाक्य म्हणूनच निरर्थक आहे. किती तास, हे विचारा. पाठीशी सिलिंडर हवाच. ६८० लिटर वायूचा सिलिंडर मिनिटाला २ लिटर या गतीने ५ तास ४० मिनिटे जातो. तीच गती ४ लिटर झाली, तर तीन तासही नाहीत. हा आकडा सिलिंडरवर चिकटवून ठेवा, कारण अंधारात कोणी भागाकार करत नाही. घशातला स्राव ओढून काढणारे सक्शन मशीन असेल तर हाताने किंवा पायाने चालणारे एक राखीव ठेवा.

फ्रिजचे दार उघडले नाही तर आतला गारवा सुमारे ४ तास टिकतो. भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. वीज गेल्यावर घाबरून ते बर्फात गाडणारे लोक मी पाहिले आहेत. त्याबद्दल मात्रा यांनीच सांगावे.

मात्रा

गोठलेले इन्शुलिन वितळवून वापरायचे नसते, टाकूनच द्यायचे. उलट बहुतेक इन्शुलिन वापरात असताना खोलीच्या साध्या तापमानात सुमारे २८ दिवस चालते. नेमकी मुदत आणि तापमानाची मर्यादा पाकिटातल्या पत्रकावर असते. म्हणजे वीज चार-सहा तास गेली तर घाई न करता दार बंद ठेवणे हाच उत्तम उपाय आहे. बर्फाला थेट चिकटवू नका.

खिडकीजवळचा

मी स्वतः अशा घरात राहतो. गेली सहा वर्षे. हा धागा दोन दिवस वाचतो आहे. आपण सगळे आमच्याबद्दल फार काळजीने लिहीत आहात, त्याबद्दल आभार.

मूळ प्रश्नात दोन भाग होते. किती ठेवावे यावर बरेच लिहून झाले. कोणाच्या कपाटात, यावर कोणी काहीच लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो. २०२० मध्ये माझ्या कपड्यांच्या कपाटात हातमोज्यांची बारा खोकी ठेवली गेली. त्या हातमोज्यांचा मला उपयोग नाही, ते मदतनिसांसाठी आहेत. कार्यालयात जागा नव्हती असे मला सांगितले. माझे कोट पलंगाखाली गेले. २०२० संपले, खोकी मात्र अजून आहेत. मी दोनदा विचारले, तेव्हा ‘असू द्या, कधी लागतील सांगता येत नाही’ असे उत्तर मिळाले.

हे माझे घर आहे. त्यात काय साठवायचे हे मला विचारून ठरवावे, एवढेच माझे म्हणणे आहे. विचारले असते तर मी कदाचित हो म्हटले असते. चार खोक्यांना नक्कीच म्हटले असते.

आणि कुलूपकिल्लीताई, ज्यांचा डबा रात्री नेला त्यांना सकाळी सांगितले होते का?

कुलूपकिल्ली

नाही. डबा त्यानंतर तिसऱ्या दिवशी परत ठेवला आणि सांगायचे राहून गेले. ‘राहून गेले’ हे लिहितानाच कळते आहे, की तो बहाणा आहे. उद्या त्यांच्याकडे जाते आहे.

भांडारी

खिडकीजवळचा यांनी जे लिहिले, ते गोदामाच्या भाषेत सांगायचे तर असे आहे, की माल कोणाच्या मालकीचा आणि जागा कोणाची, हे दोन वेगळे रकाने असतात. एखाद्याच्या नावाच्या चिठ्ठीवर आलेली वस्तू त्याचीच. हातमोजे, मास्क, जंतुनाशक हे सेवेचे, म्हणून ते सेवेच्या जागेत. जागा नसेल तर सेवेने ती भाड्याने घ्यावी. रहिवाशांच्या घरातली जागा फुकट मिळते म्हणून वापरायची नसते.

उसनवारीची सोय करायची असेल तर ती आधीच, संमतीने आणि लिहून करावी. आणि ज्या शेजारच्या सेवेकडून उसने घेणार, तिचा पुरवठादार वेगळा आहे ना, हेही पाहा. दोघांची गाडी एकच असेल, तर दोघांचे डबे एकाच दिवशी रिकामे होतील.

पायरी

सगळे साहित्यावर बोलत आहेत म्हणून थोडे बाजूचे लिहिते. आमच्याकडे इंधनाची टंचाई झाली, तेव्हा गोळ्या, पॅड, पावडर सगळे होते. माणसेच पोहोचली नाहीत. एक मदतनीस सलग २६ तास घरात राहिली. दुसऱ्या दिवशी बदली म्हणून जी आली, तिने या रहिवाशांना कधी पाहिलेलेही नव्हते. तिला उचलण्याच्या यंत्राचा चार्जर कुठे असतो हे शोधण्यात पाऊण तास गेला, आणि तेवढा वेळ एक बाई पलंगावर थांबून राहिल्या.

तेव्हापासून प्रत्येक घरात दारामागे एक पान लावले आहे. पूर्णपणे अनोळखी मदतनिसाला पहिल्या तासात लागेल तेवढेच त्यात आहे. कार्यालयाने ते आधी संगणकावर ठेवले होते. वीज गेल्यावर काय होईल असे विचारल्यावर छापून मिळाले.

लेकुरवाळी

पायरी, त्या पानावर रहिवाशांच्या खाजगी गोष्टी दारामागे लटकतात का? माझ्या मुलीला ते आवडणार नाही.

पायरी

चांगला प्रश्न. सुरुवातीला लटकत होत्या आणि एका रहिवाशाने ते पान फाडून टाकले. आता दारामागे फक्त घराची माहिती असते, म्हणजे मुख्य बटण, पाण्याचा कॉक, चार्जर, फोन. व्यक्तीची माहिती तिच्या खोलीत, तिने ठरवलेल्या जागी असते आणि त्या जागेचा उल्लेख दारामागच्या पानावर असतो.

अर्धविराम

फाडून टाकणाऱ्याने योजनेत सगळ्यात उपयुक्त दुरुस्ती केली म्हणायची.

कुलूपकिल्ली

तीन आठवड्यांनी परत येते आहे. उत्तरे इतकी मिळाली, की योजना लिहिण्याआधी एक तालीम करून पाहावी असे वाटले. शनिवारी सकाळी तिन्ही घरांत जाहीर केले, की पुढचे पाच दिवस गाडी येणार नाही असे समजायचे, आणि रात्रीच्या मदतनिसांना सोबत घेऊन, रहिवाशांच्या परवानगीने, प्रत्येक कपाट उघडले.

मुदत संपलेल्या वस्तू एकवीस निघाल्या, त्यांत प्रथमोपचाराच्या पेटीतली जवळपास निम्मी. कॅथेटर भरपूर होते, पण एका व्यक्तीच्या मापाचे फक्त दोन. बाकीचे जुन्या मापाचे. एका घरात पाण्याचे राखीव कॅन भरलेले होते आणि ते माळ्यावर होते, जिथून २० लिटरचा कॅन खाली काढणे एका माणसाला शक्य नाही. ऑक्सिजनच्या सिलिंडरवर अर्थिंग यांनी सांगितल्याप्रमाणे तास लिहिले, तेव्हा ध्यानात आले, की सिलिंडरची किल्ली त्याच्याजवळ नसून कार्यालयाच्या खणात आहे.

व्यवस्थापनाला मी एक महिन्याच्या साठ्याऐवजी आठ रहिवाशांची आठ पाने दिली आहेत. प्रत्येक पानावर वस्तू संपल्यावर किती तासांत इजा होईल त्या क्रमाने आहेत, पुढे मागणी नोंदवण्याचा आकडा, त्यापुढे लिहून घेतलेला पर्याय आणि शेवटी, वस्तू बदलली तर त्या व्यक्तीला कसे सांगायचे. शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि दोन पाने अजून अपुरी आहेत. व्यवस्थापनाने विचारले, की एकूण साठा किती दिवसांचा झाला? मी म्हटले, एकाला चार दिवस, एकाला एकवीस. त्यांना हे उत्तर आवडले नाही, पण पाने त्यांनी ठेवून घेतली.

ज्यांचा डबा नेला होता, त्यांना भेटले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, पुन्हा लागला तर उठवा. ते तसेच्या तसे त्यांच्या पानावर लिहिले आहे.

खिडकीजवळचा

ताई, तुमच्या योजनेचा कागद मी आमच्या समन्वयकांना छापून दिला. काल आठ खोकी गेली. चार ठेवायला मी स्वतः हो म्हटले आहे. त्यांच्यामागे माझा एक स्वेटर सापडला, जो धुलाईत हरवला म्हणून मी तक्रार केली होती. ती तक्रार आता मागे घ्यावी लागेल.

रात्रपाळी

आमच्याकडेही आता प्रत्येक डब्यावर लाल चिकटपट्टी लावली आहे. पावडर तिथपर्यंत उतरली की सकाळची वाट न पाहता रात्रीच मागणी नोंदवायची. एकच अडचण झाली आहे. पट्टी नेमकी मुदतीच्या तारखेवर बसली आहे. आज रात्री सगळ्या काढून बोटभर खाली लावणार आहे.